पाण्याखालच्या बांगड्या

"या काळ्या बांगड्या कोणाच्या हातात?"

चतुराबाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं, तसा तिथं पुरणाचा डाग पडला. पडद्यावरच्या फोटोत निळंशार पाणी होतं, मासे होते आणि तोंडाला काचेचा मुखवटा लावलेली त्यांची लेक तेजश्री हात पसरून तरंगत होती. त्या हातात बांगड्या होत्या, काळ्या कुळकुळीत.

"लालच आहेत गं आई. तू दिलेल्याच. पाण्याखाली तशा दिसतात."

"पाण्यात लाल काळं होतंय व्हय? मला शिकवायलीस?"

चतुराबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. फेब्रुवारीत लग्न झालं तेव्हा त्या स्वतः लाड बाजारात जाऊन लाखेच्या लालभडक बांगड्या घेऊन आल्या होत्या. भवानीच्या पायाशी ठेवून लेकीच्या हातात चढवल्या होत्या आणि वर्षभर उतरवायच्या नाहीत म्हणून बजावलं होतं. आणि ही बया महिनाभरात अंदमानला जाऊन काळ्या बांगड्या घालून मिरवते! नवी नवरी! हे बघायचं होतं तेही नेमकं आज, अधिक महिन्यात, जावई पहिल्यांदा धोंड्याच्या जेवणाला आलेले असताना. पाट मांडला होता, पुढे अनारशांचं ताट सजवून ठेवलं होतं.

त्यांनी तेजश्रीचा हात धरून खसकन ओढला. "आई गं!" ती कळवळली.

"नाटकं करू नको. एवढ्या उकाड्यात या लांब बाह्या कशाला घातल्यास?" बाहीच्या खाली मनगटात लाल बांगड्या होत्या. "आज बरोबर घातल्यास. आम्हाला दाखवायला."

"कायकू ओरडायलीस?" हिंमतराव खुर्चीतून दबक्या आवाजात म्हणाले. "जावई गॅलरीत फोनवर आहेत. ऐकायलेत."

हिंमतरावांचं बेगम बाजारात मसाल्याचं ठोक दुकान. हळदीचं पोतं उचलायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी जावयाचं कौतुक ऐकवलं होतं. पुण्याचा मुलगा, कुकटपल्लीत स्वतःचा फ्लॅट, कंपनीनं अमेरिकेला पाठवलेला. येताना त्यानं पाण्यात चालणारा कॅमेरा आणला, हे तर गल्लीत सगळ्यांना पाठ झालं होतं. असा जावई नाराज होऊन उठला तर?

फोन खिशात टाकत सौरभ आत आला. प्रकार कळल्यावर तो मोकळेपणानं हसला.

"आई, या वेळी ती खरं बोलतेय. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. जरा खोल गेलं की लाल वस्तू काळपट दिसायला लागते. म्हणून कॅमेऱ्यापुढे लाल फिल्टर लावायचा असतो. मी मुद्दाम अमेरिकेहून आणला होता. आणि ही हॉटेलातच विसरली! बोट निघाल्यावर सांगते. माझं डोकंच फिरलं. पाण्यात उतरायची वेळ झाली तरी राग जाईना."

"पहिल्यापासून वेंधळीच आहे," चतुराबाई म्हणाल्या. जावयाची बाजू घेतली की त्यांना बरं वाटायचं. "चांगलं ऐकवायचं होतं तिला."

"ऐकवलं की," सौरभ म्हणाला.

तेजश्री खाली बघत होती.

"थांबा, तुमची शंका आत्ता फेडतो. फिल्टरचं काम आता कॉम्प्युटरवर करता येतं. हा लाल वाढवायचा, निळा कमी करायचा."

"राहू दे ना," तेजश्री एकदम म्हणाली आणि तिनं लॅपटॉपवर हात ठेवला. "जेवण गार व्हायलंय."

सौरभनं तिचा हात बाजूला केला.

"कामून राहू दे?" चतुराबाई कडाडल्या. "खरं असंल तर दिसू दे की! घाबरायलीस कशाला?"

सौरभनं माऊस सरकवला. पाण्याचा निळा रंग विरत गेला. करडे मासे नारिंगी झाले. तेजश्रीच्या अंगाला माणसाच्या कातडीचा रंग आला. बांगड्या आधी तपकिरी झाल्या, मग डाळिंबी, मग लाल. त्यावरचे खडेसुद्धा ओळखू आले. चतुराबाईंचा जीव भांड्यात पडला. उगीच पोरीला टाकून बोलले, असं त्यांना वाटलं.

"वा! कमाल आहे!" हिंमतराव म्हणाले. "अजून वाढवा की."

सौरभनं अजून वाढवला. बांगड्यांच्या वर, उघड्या हातावर, आणखी लाल उमटलं. एकाशेजारी एक चार पट्टे. पलीकडच्या बाजूनं अंगठ्याएवढा एक.

माऊसवरचा हात थांबला.

"प्रवाळाला घासलं असेल," सौरभ म्हणाला. "तिथं फार धारदार असतं."

चतुराबाईंनी लेकीचा हात पुन्हा धरला, पण आता तान्ह्या पोराचा धरावा तसा. बाही हळूहळू वर सारली. तेजश्रीनं अडवलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. कोपराखाली तसेच पट्टे होते, ताजे, लालबुंद. इथं समुद्र नव्हता आणि प्रवाळही नव्हतं.

चतुराबाई उठल्या. पाटापुढचं अनारशांचं ताट त्यांनी उचललं आणि आत नेऊन ठेवलं. "अगं, चतुरा..." हिंमतराव पुटपुटले. चतुराबाई बाहेर आल्या आणि लेक आणि जावई यांच्या मधे उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हिंमतरावांनी इतक्या वर्षांत तो तसा कधी ऐकला नव्हता.

"तेव्हा फिल्टर विसरली होती," त्या म्हणाल्या. "आता काय विसरली, जावईबापू?"