कट म्हणायचा मान

तिसऱ्या वाक्यावर मास्तर अडले.

पहिली दोन झकास गेली होती. मुलाच्या खांद्यावर हात, घशात आवंढा, डोळ्यांत पाणी, सगळं जिथल्या तिथे. आणि तिसरं वाक्य कुठे परागंदा झालं कुणास ठाऊक! समोर सिनेमातला मुलगा, म्हणजे नवा नट, पापणी न हलवता वाट बघत उभा. कॅमेरा चालू. मास्तरांचं डोकं कोरं.

दुसऱ्या कुठल्याही सेटवर अशा वेळी दिग्दर्शक 'कट' म्हणतो, लोक हसतात, पाणी पितात आणि परत कामाला लागतात. पण इथे दिग्दर्शक कोण, तर तेही मास्तरच. हिंदी सिनेमात उभी हयात गेलेला हा माणूस स्वतःच्या सिनेमात स्वतःच काम करायचा आणि कटही स्वतःच म्हणायचा. एका सिनेमात मास्तर मेले होते, तर प्रेतानंच खाटेवरून ओरडून कट म्हटलं होतं. तो मान दुसऱ्या कुणाचा नव्हे. एका सहायकानं एकदा आगाऊपणा केला, तो दुसऱ्या दिवसापासून घरी बसला.

त्यामुळे सगळे चिडीचूप. कॅमेरामनच्या चेहऱ्यावर तर कौतुक ओसंडत होतं. त्याला वाटत होतं, काय विराम घेतलाय म्हाताऱ्यानं!

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कट म्हणायचं म्हणजे विसरलो हे कबूल करायचं. सकाळी पाठ केलेलं दुपारी साफ पुसलं जायचं, असं बरेच दिवस चाललं होतं. कधी दिव्यावर खापर फोडलं, कधी पंख्याच्या आवाजावर. झाकली मूठ झाकून झाकून किती झाकणार? एकदा बोभाटा झाला की निर्माते गोड आवाजात म्हणणार, मास्तर, आता तुम्ही आराम करा, ही भूमिका दुसऱ्याला देऊ. आणि या भूमिकेत तर त्यांचा जीव अडकला होता. त्यांना भीती वाटत होती. अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती.

"कट!"

आवाज बाईचा होता. मॉनिटरशेजारी मास्तरांची लेक उभी होती, त्यांची मुख्य सहायक. चेहरा पांढराफटक, पण पाय घट्ट रोवलेले. मेकअपदादांनी हातातला आरसा हळूच खाली ठेवला. आता काही या पोरीचं खरं नाही!

"कोण म्हणालं?" मास्तर गरजले. कोण म्हणालं ते त्यांनाही माहीत होतं.

"मी, मास्तर." सेटवर ती त्यांना बाबा म्हणत नसे.

"का?"

ती जवळ आली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा बेतानं बोलली. "कारण तुम्ही त्याची कॉलर बघत होता."

मास्तरांनी पुन्हा तिकडे बघितलं. कॉलर वाकडी होती खरी.

"बोलायचं मुलाशी, आणि बघायचा तो वरचा दिवा, मागचा पडदा, याची कॉलर! डोकं आहे का गोदाम? मग शब्दांना जागा कुठून उरणार? कॉलर, दिवे, पडदे सगळं माझ्या गळ्यात टाका. तुम्ही नुसतं काम करा, बाबा."

"आणि तरीही विसरलो तर?"

"तर मी कट म्हणेन. पुन्हा घेऊ. नट काय विसरत नाहीत? तुम्ही आजवर किती जणांना सांभाळून घेतलंत!"

आता आपल्याला राग येणार, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी रागाची वाट बघितली. तो काही आला नाही. उलट छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. हुश्श! इतकं हलकं वाटलं की त्यांना आपलंच हसू आलं.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ते वळून ओरडले. "आजपासून ही म्हणेल. आणि तिच्या आधी कुणी तोंड उघडलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

मेकअपदादांनी घाम पुसला. लेकीनं नव्या नटाची कॉलर सरळ केली, एक दिवा जरा खाली घ्यायला लावला आणि ती मॉनिटरमागे जाऊन बसली. मास्तर आपल्या जागेवर गेले. त्यांनी हात कुठे ठेवायचे ते न सुचून आधी मागे बांधले, मग सोडले.

"मॅडम," त्यांनी तिकडूनच विचारलं, "मी बघू कुठे?"