झडप

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा मांडीवर राहू द्या. एका शब्दाची गोष्ट सांगते. कडू आहे, पण पाडव्याला कडुलिंबही आपण प्रसाद म्हणूनच खातो ना?

"आमचे घरात कोनाला काय रोग नाय," ठमाबाई म्हणाली. "लिवा तुमी. नाय म्हंजे नाय."

उल्हासनगरच्या दवाखान्यात डॉक्टरणीसमोर सासू-सून बसल्या होत्या, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. ठमाबाईचा मुलगा कल्पेश पडद्यामागे खाटेवर होता. सकाळी बेलवलीत, घराच्या दारातच, गाडीला किक मारता मारता तो कोसळला होता. तेव्हापासून ठमाबाई मनालीशी एक शब्द सरळ बोलली नव्हती.

"सासरे तरुणपणीच गेले ना, आई?" मनालीने विचारलं. "आणि जितेशदादा?" जितेश म्हणजे कल्पेशचा थोरला भाऊ. त्याला तिने हार घातलेल्या फोटोतच पाहिलं होतं.

"तुला कोन विचारतंय? ती देवाची करनी. रोग नाय. माझा पोरगा धडधाकट होता, हिच्या हातचं खाऊन झालंय हे. रोज मॅगी, रोज चायनीज."

"माताजी, खाण्याचा काही संबंध नाही," सिंधी डॉक्टरीण म्हणाली. "हार्टचा व्हॉल्व जन्मापासून खराब आहे. खानदानात आधी कोणाला असेल, तर पेशंटच्या मुलीला पण लगेच चेक करायला लागेल. म्हणून विचारते."

"इराला? पाच वर्सांची पोर ती! मशीनला लावली की गावभर होईल. उद्या तिला पत्करील कोन? आन् व्हॉल्व पान्याच्या मोटरला असतो, बाई. मानसाला नसतो."

मनालीने आपल्या तळहाताकडे पाहिलं. इराला कुशीत घेतलं की तळहाताला एक घरघर लागायची, झोपलेल्या मांजरीच्या पाठीसारखी. आजवर तिला ती गोड वाटत आली होती.

डॉक्टरणीने भिंतीवरच्या मराठी तक्त्याकडे मान वळवली आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं. "झ... ड... प. झडप, माताजी! तुमच्या मुलाला झडपचा त्रास आहे."

ठमाबाईचा पदर तोंडावर गेला.

"तुमाला कोनी सांगितलं?"

"कोणी कशाला? मशीनमध्ये दिसते."

"दिसते? झडप?"

"एकदम साफ."

म्हातारीच्या अंगातलं वारंच गेलं. "मंग आता काय लपवू," ती पुटपुटली. "याचे बापाला पन झडपच. खळ्यावर भारा डोक्यावर घेतला नि गेला आडवा. ओठ काळेनिळे. भगत बोलला, बांधावरच्या चिंचेवरच्यानं झडपला. मंग माझा जितेश. मॅचमधी, धावता धावता. तोच तो, चिंचेवरचा."

डॉक्टरणीला चिंच कळली नाही, भगत कळला नाही. झडप तेवढी कळली. "फादर, झडप. ब्रदर, झडप," ती लिहीत गेली आणि एकदम तडकली. "दोन दोन डेथ! मग मघापासून मी काय विचारतेय?"

"तुमी रोग विचारला," ठमाबाई म्हणाली. "झडप कुटं विचारली?"

मनालीला हसू फुटलं आणि त्याच श्वासात अंगावर काटा आला. दोघी एकच शब्द बोलत होत्या, आणि त्या शब्दाची दोन्ही तोंडं तिला एकटीलाच दिसत होती.

ती सासूकडे वळली. "चिंचेवरचा होता ना? मग जनीवहिनीला का हाकललंत?"

जनी म्हणजे जितेशची बायको. नवऱ्याचं तेरावं झालं आणि पांढऱ्या पायाची म्हणून तिला एका पिशवीसकट घराबाहेर काढलं. मनाली त्या घरात आली ती त्यानंतर. आल्या दिवसापासून तिला सांगितलेलं, ते नाव इथे घ्यायचं नाही.

"तीच घेऊन आली त्याला पाठीवर. तिच्या पायानं माझं पोर गेलं."

"सासरे गेले तेव्हा ती जन्मली तरी होती का?"

"तोंड सांभाळ."

"पायांत काही नव्हतं, आई. तुमच्या घरच्या रक्तात होतं."

ठमाबाईने हात उगारला. डॉक्टरणीने पेन टेबलावर आपटलं. "झगडा बाहेर! मुलीला उद्या घेऊन या. आणि त्या भावाला मुलं आहेत?"

"नाय," ठमाबाई म्हणाली.

"आहे," पडद्यामागून कल्पेशचा आवाज आला. "वहिनी घरातून गेली तेव्हा पोटुशी होती."

"मग त्या मुलाला आधी आणा. कुठे राहते ती?"

मनालीने पडदा सारला. कल्पेशने भिंतीकडे तोंड केलं. ठमाबाईने पिशवी काखोटीला मारली. "मेली ती आमाला," ती म्हणाली आणि दार आपटून निघून गेली.

तर माझ्या माणसांनो, जनीचा पत्ता त्या घरात कोणाकडेच नाही. अंबरनाथच्या बाजारात, शिरगावच्या नव्या इमारतीत कोणाची भांडी घासताना, नाहीतर उल्हासनगरातच एखाद्या जीन्सच्या गाळ्यात मशीनवर, पांडुरंगाने तिला कुठेतरी टेकू दिलाच असेल. तिची आठवण असू द्या. कधी कीर्तनाला शेजारी येऊन बसली, तर कपाळाकडे पाहू नका, सरकून जागा द्या. आणि कानात एवढंच सांगा: तुझ्या पायांत काही नव्हतं गं. पोराची छाती तेवढी तपासून घे.