दुखण्याचं नाव

"अच्युतराव, चहा!" मी ओरडलो आणि बागेतल्या आमच्या कट्ट्यावर हशा पिकला. म्हातारपणी दुखणी असायचीच, त्यांचं कौतुक कशाला, म्हणून दुखण्याचं नाव काढील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा आम्हा म्हाताऱ्यांचा नियम होता. तो मीच सुचवला होता. एरवी मी चारचौघांत फारसा बोलत नाही. माझ्या बोलण्याला टाळ्या पडल्या, त्या तेवढ्या एकदाच.

अच्युतराव एवढंच म्हणाले होते, "दोन दिवस लघवीतून रक्त जातंय हो."

"सत्तरीनंतर नळ गळायचेच!" पेठे म्हणाले. अच्युतरावही हसले. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. परतताना मनात आलं, डॉक्टरांकडे जा म्हणावं. पण मला काय कळतं त्यातलं, म्हणून गप्प राहिलो.

आठ महिन्यांनी ते चक्कर येऊन पडले. त्यांचा मुलगा परदेशात, त्यामुळे इस्पितळात मीच सोबत होतो. मूत्राशयाचा कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, सुरुवातीलाच आला असतात तर गाठ काढता आली असती. इतके दिवस कुणालाच बोलला नाहीत?"

अच्युतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून शांतपणे म्हणाले, "नाही हो. कुणालाच नाही."

मी खाली बघत मान डोलावली.