सहा इंचांचा फरक

आसाराममामांनी यंत्राला कान लावला आणि नागापूर एमआयडीसीतलं ते अख्खं शेड गप्प झालं. क्रेन चालवणाऱ्या मच्छिंद्रनं तोंडातला तंबाखू चघळणं थांबवलं. मामांनी बोटाच्या पेरानं लोखंडावर दोनदा टकटक केलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि खडूनं फुली मारली. देवश्रीच्या फुलीपासून बरोबर सहा इंच लांब.

साखर कारखान्याला जायचा गिअरबॉक्स होता तो. क्रेनचा हुक नेमका त्याच्या तोलावर आला तर तो ताटासारखा सपाट उचलला जाणार होता. चुकला तर एका अंगाला कलंडून कुणाचे पाय घेईल सांगता येत नव्हतं. तोलाची जागा काढणं हे देवश्रीचं काम. सहा महिने ती ट्रेनी होती, आणि कंपनीत कायम व्हायचं की घरी जायचं ते आज ठरणार होतं. स्टॅटिक्समध्ये, म्हणजे तोलाच्याच विषयात, तिला शंभरपैकी ब्याण्णव मार्क होते. हे तिनं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तेव्हापासून कुणाच्या हातून चहाचा कप कलंडला की मच्छिंद्र विचारायचा, मॅडम, ह्याचा तोल कुठं हुता?

पण मामांचा कान लागल्याशिवाय त्या शेडमध्ये काही उचललं जात नसे. मामा पाथर्डीकडचे, ऊसतोडीच्या घरातले, सहावी शिकलेले. लोखंड त्यांच्याशी बोलतं अशी ख्याती होती. नवीन यंत्र आलं की पूजा नंतर, मामांचा कान आधी.

शेडचे मॅनेजर रविराज साहेबांनी दोन्ही फुल्या पाहिल्या आणि त्यांना मजा वाटली. हुक एकाच फुलीवर लागेल, कोणत्या ते मॅडमनी दहा मिनिटांत सांगावं, असं त्यांनी ठरवून टाकलं. चुकलं तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नका, हेही हसत हसतच सांगितलं.

तिनं ड्रॉइंग उघडून पुन्हा हिशेब केला. उत्तर तेच. तिसऱ्यांदा केला. तेच. तिला रडू येत होतं आणि रडण्याहून जास्त राग येत होता. एका पारड्यात ब्याण्णव मार्क, दुसऱ्यात एका म्हाताऱ्याचा कान, आणि सगळं शेड कानाकडे. शेवटी तिनं कागद टाकला, गिअरबॉक्सपाशी गेली आणि मामांनी जिथे कान लावला होता नेमका तिथेच आपला लावला. मागे हशा पिकला.

लोखंड गार होतं, ग्रीसचा वास येत होता. ऐकू काहीच आलं नाही. ती वैतागून डोळे उघडते तो नाकापासून चार बोटांवर मोटारीची पितळी पाटी. वजन दोनशे किलो.

मोटार ड्रॉइंगमध्ये नव्हतीच. ती कालच गिअरबॉक्सच्या टोकाशी बसवली होती, आणि देवश्रीनं ती हिशेबात धरलीच नव्हती. अठराशे किलोच्या पेटीला तिच्या तोलापासून पाच फुटांवर दोनशे किलो जोडले की तोल तिकडे सरकणारच. किती सरकेल, हे काढायला तिला कागदही लागला नाही. सहा इंच.

एवढ्यात मामा पलीकडून लगबगीनं आले आणि कान लावल्यासारखं करून वाकले. मोटारीच्या आड दोघांची तोंडं समोरासमोर आली. मामांच्या चेहऱ्यावरचा सगळा सिद्धपुरुष उतरला होता.

"मामा, तुम्ही पाटी वाचता," ती कुजबुजली.

"पेटीचा तुमचा हिशेब बरोबर हाय. मी फकस्त त्याच्यावर मोटार चढवली. उसाची गाडी भरायला बापानं हेच शिकवलं. फुडं जास्त भरली तर वजन बैलाच्या मानंवर, मागं जास्त भरली तर बैलच हवेत."

"मग कान कशाला?"

मामांनी भराभर सांगून टाकलं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी तेव्हाच्या साहेबापुढे असाच एक हिशेब फरशीवर खडूनं मांडला होता. सहावी शिकलेला माणूस आपल्याला गणित शिकवतो, म्हणून साहेबानं तो बुटानं पुसला. दुसऱ्या दिवशी मामांनी तोच आकडा यंत्राला कान लावून सांगितला. साहेबानं नारळ फोडला.

"काय मॅडम, काही ऐकू येतंय का?" रविराज साहेबांनी लांबून विचारलं. पुन्हा हशा झाला.

देवश्रीच्या जिभेवर सगळं तयार होतं. पाटी, मोटार, दोनशे किलो, पाच फूट. ते बोललं की तिचे ब्याण्णव मार्क खरे ठरणार होते आणि मामांचा कान खोटा. मामा खाली मान घालून उभे होते. तिला त्यांचा मनापासून अभिमान वाटला, आणि थोडा हेवाही. तिनं पुन्हा कान टेकवला, डोळे मिटले, भुवया चढवल्या आणि हात वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. गंमत म्हणजे सगळे खरंच गप्प झाले. मग उठून तिनं बाहीनं आपली फुली पुसली.

"येतंय, साहेब," ती म्हणाली. "मामांच्या फुलीवर घ्या."

मच्छिंद्रनं बटण दाबलं. गिअरबॉक्स जमिनीवरून सुटला आणि केसभरही न कलता वर गेला. कुणीतरी शिट्टी वाजवली. मामा उगाचच नाक शिंकरायला बाहेर गेले.

संध्याकाळी देवश्रीच्या हातात कायम झाल्याचा कागद पडला. तिनं आधी मार्कांचा उल्लेख शोधला. तो कुठेच नव्हता. कारणाच्या रकान्यात रविराज साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: गणित कच्चं आहे, पण कान तयार आहे.