अस्सल पारंपरिक

घानाची गायिका एफुआ आमच्या डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या गणपतीत गाणार होती. तिने लॅपटॉप काढताच मंडळाच्या विभावरीताई वैतागल्या.

"हे डबडं कशाला? तुमचं पारंपरिक गा ना, अस्सल!"

"यात माझ्या आजीचा आवाज आहे. ती गाते, मी तिला बीट्सची साथ देते," एफुआ म्हणाली. "डब्लिनपासून एनिसपर्यंत प्रत्येक स्टेजवर मला हेच ऐकवतात."

"अहो, मशीनमधून कसली आलीय परंपरा!" ताईंनी कपाळाला हात लावला. "जाऊ दे, आधी आरती उरकून घेऊ."

त्यांनी फोन स्पीकरला जोडून आरती लावली. आम्ही सगळे टाळ्या वाजवत जोरजोरात गायला लागलो. दुसऱ्या कडव्यात फोनची बॅटरी संपली आणि अख्खा हॉल गप्प झाला.

एफुआने सुस्कारा सोडला. "चार्जर देऊ?"