दरीतली हाक

"नकाशात दरी पाचशे मीटर आहे, म्हणजे पाचशेच," मोजणी अधिकारी कर्णिक म्हणाले आणि उठायला लागले.

"बसा साहेब," ठकूबाई येडगे म्हणाली. "राजधानीतला तासाभराचा रस्ता तुम्ही घडी घालून पाच मिनिटांचा केलात. उरलेली जागा आणून ओतलीत आमच्या दरीत. पलीकडचा दवाखाना तिप्पट लांब गेला, अन् माझ्या सुनेला नववा लागलाय."

"पुरावा काय, मावशी?"

ठकूबाईनं त्यांना कड्याच्या टोकाशी नेलं. तिची सासू शेरडं वळताना दरीत हाक घालायची आणि आकडे मोजायची. तीन म्हणेपर्यंत समोरच्या कड्यावरून हाक परत यायची. सगळ्या वाडीला हे पाठ होतं.

"ओरडा आता, काय म्हणायचंय ते!"

"अंतर वाढलेलं नाही!" कर्णिक ओरडले.

सगळी वाडी एका सुरात मोजू लागली. तीन झाले, पाच झाले, सात झाले. नऊला कर्णिकांचंच खोटं त्यांच्या तोंडावर येऊन आदळलं.

"दरी तिप्पट झाली म्हणून लिहा, तुमच्याच हातानं," ठकूबाई म्हणाली.

अख्ख्या वाडीनं ऐकलं होतं. कर्णिकांना लिहावंच लागलं.

आठवड्याभरात राजधानीची घडी उलगडली आणि मंत्र्यांच्या गाड्या पुन्हा तासभर रस्त्यात कुजत बसल्या. इकडे दवाखान्यातून नात घेऊन परतताना ठकूबाई कड्यावर थांबली.

"बाणाईऽऽ!" तिनं नातीचं नाव दरीत फेकलं.

तीन म्हणेपर्यंत ते परत आलं.