आगटीजवळची म्हैस

"यात शालू कोण नेसून बसलं वं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

प्रणालीने मोबाइलवरची जाहिरात सासूबाईंना पुन्हा वाचून दाखवली. ‘हिरवा शालू नेसलेली धरणीमाता, निसर्गाच्या कुशीतले मंतरलेले क्षण, हुरड्याचा अविस्मरणीय आनंद! मूर्तिजापूरपासून अवघ्या सहा किलोमीटरवर.’ दोन दिवस खपून तिने हे लिहिलं होतं. अकोला-अमरावतीच्या सगळ्या ग्रुपवर टाकून चार दिवस झाले, पण एक फोन आला असेल तर शपथ.

तिचा जीव टांगणीला लागला होता. घरादाराशी वाद घालून तिने यंदा दोन एकरांत कपाशीऐवजी हुरड्याची ज्वारी पेरायला लावली होती. कणसं आता अगदी हुरड्यात आली होती. बारा-पंधरा दिवसांत दाणा टणक होणार, की संपला खेळ. येत्या रविवारच्या हुरडा पार्टीला कोणी आलंच नाही, तर पुढच्या वर्षी या घरात तिचं कोण ऐकणार होतं?

"सगळे असंच लिहितात, आई," ती रडवेली होऊन म्हणाली.

"म्हणूनच कोणी वाचून नाही राहिलं. मले सांग, आपल्या वावरात सकाळी काय असते?"

"थंडी."

"कशी?"

प्रणाली उत्तर जाहिरातीतच शोधू लागली. दुर्गाबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"अशी थंडी, का म्हैस बी उठाले तयार होत नाही. आगटीजवळ बसून राहते. हाकललं तर आपल्याकडं अशी पायते, जशी सासरचं नाव काढल्यावर पोरगी पायते. कणीस भाजून हातावर चोळलं का दाणे असे पडते, जसे शाळा सुटल्यावर पोट्टे. अन् पयला घास गुळासंगं तोंडात गेला, का माणूस बोलणंच बंद करते. तुहे सासरे तर चालू भांडण बंद करत."

प्रणाली हसत हसत टाइप करत होती. शालू, कूस, मंतरलेले क्षण, सगळं तिने पुसून टाकलं. सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत ग्रुपवर गेलं.

संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले. शेवटचा अमरावतीच्या मैथिली नावाच्या बाईंचा.

"आम्ही सहा जण येतोय. आणि हो, माझ्या मुलीला ती म्हैस बघायचीय. आगटीजवळची. दाखवाल ना?"

"हो, या ना," प्रणाली बोलून गेली, आणि फोन ठेवल्यावर तिने कपाळाला हात लावला. म्हैस त्यांनी दसऱ्यालाच विकून टाकली होती.

"आई, आता लोक म्हणतील, खोटं लिहिलं!"

"खोटं काहून? थंडी हाये, आगटी हाये. म्हशीचं पाहू."

शेजारच्या सहदेवची म्हैस मागून आणायचं ठरलं. पण ती म्हणजे नुसती भिंगरी. गावात तिला एका जागी स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. "न्या काकू," सहदेव म्हणाला, "पण बसणार नाही ती. दावं तोडून पळन."

रविवारी सात वाजता वावराच्या बांधाला गाड्या लागल्या. आगटीजवळ म्हैस दाव्याला हिसके देत उभी होती. मैथिलीबाईंची मुलगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ही बसत का नाही?"

प्रणालीला तोंड कुठे लपवावं ते कळेना. दुर्गाबाई पुढे झाल्या. त्यांनी आगटीत दोन गोवऱ्या वाढवल्या आणि म्हशीपुढे कडब्याची पेंढी सोडली. ऊब अंगाला लागली तशी म्हैस निवत गेली. आधी पुढचे गुडघे टेकले, मग सगळीच खाली बसली. पोरीने टाळ्या पिटल्या. प्रणालीलाही पिटाव्याशा वाटल्या, इतकी ती खूश झाली.

पहिली कणसं भाजून निघाली. चाळीस माणसं, पण गुळाबरोबर पहिला घास गेला आणि वावरात कोणी बोलेना.

अकराच्या सुमारास पाहुणे पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणून सांगून निघाले. सहदेव म्हैस न्यायला आला. त्याने दावं ओढलं, पाठीवर थापटलं, शेपूट पिरगाळलं. म्हशीने रवंथ थांबवून फक्त मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं, सासरचं नाव काढल्यावर पोरगी पाहते तसं.

"काय केलं वो काकू हिले?"

दुर्गाबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं.

"मी काय करू बाप्पा? आमच्या प्रणालीनं लिहूनच तसं ठेवलं हाये."